भाऊजी आणि सहीचं पान

आमच्या मोठ्या दिरांना, म्हणजे भाऊजींना, उघडा कागद बघवत नाही. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं बाइंडिंग-लॅमिनेशनचं दुकान आहे. हाती आलेला कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गरम मशीनमधून काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझ्या औषधांची चिठ्ठीही त्यांनी एकदा अशीच सजवून दिली. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी ती उलटसुलट करून विचारलं, "नवीन गोळ्या कुठे लिहू? तुमच्या तळहातावर?"

अशात त्यांच्या मुलीचा प्रबंध बांधायला आला. भाऊजींना आभाळ ठेंगणं झालं. चार प्रती, गर्द तांबडं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं. शिवणीच्या दोऱ्याला मेणसुद्धा त्यांनी स्वतः लावलं.

प्रबंध द्यायचा शेवटचा दिवस उजाडला. कॉलेजची खिडकी बंद व्हायच्या आत तो गेला नाही, तर पोरीचं वर्ष वाया जाणार होतं. दुपारी ती प्रती न्यायला आली, पहिलं पान उघडलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, हे प्रमाणपत्राचं पान चकाकतंय का?"

"चकाकणारच! आधी लॅमिनेट केलं, मग शिवलं. चहा सांडला तरी पुसून घ्यायचा."

"अहो, यावर मॅडमची सही व्हायचीय अजून!"

भाऊजींनी खिशातलं पेन कोपऱ्यावर ओढून पाहिलं. काही उमटेना. मग मार्कर घेऊन स्वतःची झोकदार सही ठोकली. बोट लावताच ती पुसून अंगठ्याला आली.

"एकाच प्रतीला केलंत ना?" जाऊबाईंनी आतून विचारलं.

"चारही. एकीला करायचं आणि बाकीच्यांना नाही, बरं दिसतं का?"

"तुम्हालाच घालते एक दिवस त्या मशीनमध्ये. सरळ तरी व्हाल!"

पान उपटलं असतं तर शिवण ढिली पडली असती. म्हणून शिवणीजवळ बोटभर पट्टी ठेवून ते कापायचं आणि सही केलेलं नवं पान त्या पट्टीवर चिकटवायचं ठरलं. प्लॅस्टिकला साधी खळ धरत नाही, तेव्हा चपलांना लावतात ते सोल्यूशन शोधलं. सगळं जमलं, पण कटर घेऊन भाऊजी नुसतेच उभे.

"स्वतः शिवलेलं कापायचं? माझ्याच्याने नाही होणार."

"द्या इकडे, मी कापते," जाऊबाई पुढे सरसावल्या.

"तू? तुला काकडी सरळ कापता येत नाही!" असं म्हणत त्यांनी चारही पानं सपासप कापली. पोरीने नवी पानं छापून घेतली आणि आम्ही धावतपळत कॉलेज गाठलं. भाऊजींचे हात प्रतींनी भरलेले, म्हणून सोल्यूशनचा डबा सांभाळायला मी.

मॅडमनी सह्या केल्या. मग भाऊजींनी त्यांच्याच टेबलावर दुकान मांडलं. खोलीभर चपलांच्या दुकानाचा वास सुटला.

"बाइंडिंग आधी आणि सही नंतर? मी तर पहिल्यांदाच बघतेय," मॅडम नाकाला रुमाल लावून म्हणाल्या.

"खास गिऱ्हाइकांना असंच करतो आम्ही," भाऊजींनी मान वर न करता सांगितलं.

पान बसायला वर दाब हवा होता. खिडकीसमोरच्या बाकावर भाऊजींनी चारही प्रती एकावर एक रचल्या आणि स्वतः वर चढून बसले. रांग पुढे सरकत होती. पोरगी खिडकीशी पोचली, तरी हे हलेनात.

"बाबा, उठा ना!"

"जरा थांब. घाई केली तर कोपरा उचलेल."

"काका, खिडकी बंद करतोय मी," क्लार्क ओरडला.

तसे भाऊजी टुणकन उठले. पोरीने प्रती आत सरकवल्या. क्लार्कने पहिलं पान उघडलं, सहीवरून बोट फिरवलं, हलकेच ओढून पाहिलं. पान जागचं हललं नाही. तिन्ही उरलेल्या प्रतीही बघून झाल्या. मग शिक्का उचलता उचलता तो थबकला.

"या गरम का लागतायत हो?"

"आत्ताच तयार झाल्यात, सर," पोरगी म्हणाली आणि तिने पावतीसाठी हात पुढे केला.