मिठाच्या पाण्याने डोळे चुरचुरत नाहीत

त्या बरणीचा वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही.

चोपडा तालुक्यातल्या एका गावात एक सून मेली. सासरचे म्हणाले, साप चावला. तिचा बाप ठाण्यात आला आणि माझ्या टेबलाला धरून म्हणाला, "भाऊ, मनी पोरले साप चावना नही. तिले जहर पाजेल शे."

मी सहायक फौजदार, शिक्षण सातवी. पंचनाम्यात दंशाची खूण कुठेच दिसली नाही. प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

विषाचा संशय असला की व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, मिठाच्या दाट पाण्यात घालून प्रयोगशाळेत पाठवतात. अशा बरण्या एस.टी.ने मांडीवर धरून मी कितीदा नेल्या. त्या दिवशी लाखेचं सील लागण्याआधी लेबल वाचायला वाकलो, तर डोळे चुरचुरले.

"यात फॉर्मलीन आहे. ही बरणी मी नेणार नाही."

आमचे साहेब भडकले. "आबा, सातवी शिकून डॉक्टरला शिकवता? सही करा, बस चुकेल."

"चुकू द्या. फॉर्मलीननं मांस टिकतं, पण विष सापडणं अवघड होतं. अशी एक बरणी प्रयोगशाळेनं माझ्याच हातात परत दिली होती."

तो वास मी ओळखणारच. आठ दिवसांपूर्वी जळगावला बायकोच्या गाठीचा तुकडा अशाच पाण्यात, इवल्याशा बाटलीत, मीच तपासणीला नेला होता. झाकण सैल होतं. वाटभर डोळे गळत होते. वासानं की कशानं, ते सांगत नाही.

शवागारातल्या मदतनिसाला बाजूला घेतलं. "काय ओतलं?"

"मीठपाणीच, आबा."

"मग तोंड बरणीजवळ ने. डोळे मिटायचे नाहीत."

दोन श्वासांत त्यानं मान फिरवली. "तिच्या नवऱ्यानं कॅन आणून दिला. म्हणाला, यात सडणार नाही."

नवरा कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला. बेडूक-सापांच्या बरण्या तोच भरायचा. कॅनवर कॉलेजचं लेबल तसंच होतं.

"तिच्यावर जीव होता, साहेब. नासू नये म्हणून दिलं," तो मला म्हणाला.

"जीव होता, तर सकाळपासून सरणाची घाई कोणाला होती?"



डॉक्टर सरळ माणूस. पोटातला ऐवज वाया गेला होता, पण काळजाचा आणि मूत्रपिंडाचा उरलेला भाग अंगात शिल्लक होता. त्यातलं पुन्हा काढलं, माझ्यासमोर मिठाच्या पाण्यात घातलं. अहवालात कपाशीवर फवारायचं विष आलं. नवऱ्याला शिक्षा झाली.

सीलबंद बरणीवर सगळेच पहारा देतात. ती भरताना उभं राहायचं असतं, एवढं मी शिकलो. बायको त्याच वर्षी गेली. तिची ती बाटली हातात आली नसती, तर मी कदाचित सही करून बस पकडली असती.

माझ्या सेवापुस्तकात त्या दिवसाचा शेरा आहे: 'वरिष्ठांशी उद्धट वर्तन.' निवृत्त होताना कारकून म्हणाला, अर्ज करा, काढून टाकू.

म्हटलं, राहू दे. तो मी कमावलेला आहे.