चर्चमधला माझा पहिला पाठ

जालन्याच्या स्टँडवरून एसटी निघायच्या आधी आईनं खिडकीतून ज्वारीच्या पिठाची पिशवी आत ढकलली आणि म्हणाली, “तिकडं बायांत मिसळून ऱ्हाय. कोपरा धरून बसू नको.” लग्नाला पंधरा दिवस झालेले. शेजारी बसलेल्या नवऱ्याशी, सुहासशीसुद्धा अजून धड बोलणं नव्हतं. तोंडाला लावलेला पदर मी नगर येईपर्यंत काढला नाही.

बहिणींनो, तुम्ही फोनवर विचारता, तिकडं शहरात, काळेवाडीत करमतं का? सुरुवातीला अजिबात करमायचं नाही. सुहासला दुपारी कंपनीची बस चाकणला घेऊन जायची. गावाकडं दार उघडलं की बांधापर्यंत नजर जायची, इथं समोरच्या घरातला कुकर दिसायचा. शिवाय आत एक धास्ती. सहावी अर्ध्यात सोडून मी मोसंबीच्या बागेत कामाला लागलेली. दुकानांच्या पाट्या वाचता यायच्या, पण चार ओळी सलग वाच म्हटलं की मी दुसऱ्याच शब्दाला अडायची. हे मी सुहासलाही सांगितलं नव्हतं.

आमच्या चर्चच्या बायकांची दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. ज्या घरी प्रार्थना, त्या घरच्या बाईनं शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, भाग वाचायचा, हा नियम. माझी पाळी आली. मग मी एक युक्ती केली. लहानपणी संडे स्कूलला असताना एक स्तोत्र तोंडपाठ केलं होतं. शास्त्र मांडीवर उघडलं, ओळींवरून बोट फिरवलं आणि घडाघडा म्हणून टाकलं.

आमच्या विमलकाकू बोलायला फटकळ. त्या एकदम खूश. “अगं, रेडिओवर बोलल्यासारखं वाचतेस की! कापणीच्या सणाला चर्चमध्ये शास्त्राचा पाठ वाचायला हिलाच द्यायचा. ठरलं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. सणाला तीन आठवडे होते, आणि तो भाग काही मला तोंडपाठ नव्हता.

दुसऱ्या दिवशी रुथमावशींनी मला कासारवाडीला घरी बोलावलं. दवाखान्यातून रिटायर झालेल्या नर्स, प्रार्थनेत माझ्या शेजारी बसलेल्या. गेल्या गेल्या म्हणाल्या, “काल स्तोत्र छान म्हटलंस. फक्त स्तोत्रं शास्त्राच्या मधे असतात, तुझं पुस्तक पार शेवटच्या पानांवर उघडं होतं.”

मी रडायलाच लागले. मावशींनी पिठाची परात पुढ्यात ओढली. “रडायचं नंतर बघू. मी मळते, तू वाच. तुझ्या तोंडाकडं मी बघणार नाही.”

त्यानंतर मी रोज जायची, आणि त्या खरंच बघायच्या नाहीत. मी अडले की त्यांचे हात पिठात चालूच. कधी दोन शब्द वाचेपर्यंत कणकेचा गोळा व्हायचा, कधी एकाच शब्दाला अर्धी परात मळून व्हायची. पुढचा शब्द मात्र कधी सांगितला नाही. शेजारच्या खोलीतून मावशींचे मिस्टर ओरडायचे, “अगं, आज पण पोळ्याच का? भात झाला नाही आठवड्यात!” मावशी म्हणायच्या, “गप बसा, पोरीचं पान अजून व्हायचंय.”

वाचनाबरोबर संसारही शिकले. एवढ्याशा खोलीत पंधरा जणी बसवायच्या तर लोखंडी कॉट आधी भिंतीला उभी करायची. सेकंड शिफ्टचा माणूस दारात आला की ताट वाढायचं, तक्रारी सकाळी. मला मोठ्यानं प्रार्थनाही करता यायची नाही. मावशी म्हणाल्या, “शब्द सजवू नकोस. आईला सांगतेस तसं देवाला सांग.” मी डोळे मिटले आणि म्हटलं, “देवा, मी बायांना फसवलं.” मावशी म्हणाल्या, “आमेन. आता तेच बायांना सांग.”

बुधवारी सांगितलं. विमलकाकूंनी कपाळावर हात मारला. “म्हणजे पूर्ण स्तोत्र पाठ? अगं, मी पन्नास वर्षं चर्चला येतेय, मला अर्धंही येत नाही! आणि पाठ तूच वाचायचा. सुटका नाही.” सुहासला घरी सांगितलं, तर म्हणाला, “मला आधी का नाही सांगितलंस? मी कुठं मोठा कलेक्टर लागून गेलोय?”

सणाच्या दिवशी वेदीपुढं भोपळे, कणसं, केळीचे घड मांडलेले. मी उभी राहिले. पाच ओळी नीट गेल्या. सहाव्या ओळीत एका नावाशी अडले ते अडलेच. अख्खं चर्च थांबलं. मी वर बघितलं. पुढच्याच बाकावर रुथमावशी मान खाली घालून, मांडीवर हात हळूहळू दाबत होत्या, पीठ मळतात तसे. मला हसू आलं. तेवढ्यात विमलकाकूंचा आवाज, “दम घे गं बाई, आम्हाला कुठं गाडी पकडायचीय?” सगळे हसले, उपासना चालवणारे पाळकसुद्धा. मी ते नाव तुकडे करून वाचलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत गेले.

आता काळेवाडीत करमतं. धास्ती पूर्ण गेली असं नाही, नवं पान उघडलं की अजून ओळीखाली बोट धरते. पण घर कुठलं असं कुणी विचारलं की हल्ली जालना आधी तोंडात येत नाही. ते चर्चमधलं थांबणं आठवतं. एवढी माणसं, कामाची, शिफ्टची, आणि माझ्या एका शब्दासाठी सगळी थांबलेली.