थांबण्याची जय्यत तयारी

नोएडा-गुडगाव धरून अख्ख्या दिल्लीत थांबण्यासाठी जीव टाकणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. इथे लाल दिवा लागला तर लोकांना तो स्वतःचा अपमान वाटतो. हिरवा लागायच्या आत मागचा हॉर्न वाजवतो, त्याच्या मागचा शिव्या देतो. अशा गावात आमच्या साडूंनी एक पांढरी पेट्रोल गाडी वर्षानुवर्षं लाडाने सांभाळली, आणि तिच्या इंजिनाला कधी बोट लावलं नाही. जो काही जीव, वेळ आणि पगार घातला तो सगळा ब्रेकमध्ये. चार पुरुष जमले की गाडी किती पळते यावर गप्पा रंगतात. आमचे साडू कोपऱ्यात बसून सगळं ऐकून घेतात आणि शेवटी शांतपणे विचारतात, "पण थांबते किती?" तिथे ती मैफल संपते.

हा स्वभावच. नोएडाच्या एका कंपनीत ते सॉफ्टवेअर तपासायच्या खात्यात आहेत. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि 'अजून तयार नाही' म्हणायचं, याचे त्यांना पैसे मिळतात. दुर्दैवाने हे खातं ते घरीही चालवतात. श्रीखंडाचा चक्का टांगला की तो पुरेसा गळला की नाही हे ठरवण्यात सण उलटून जातो. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, सांगते की बघायला आले तेव्हा पोहे खाऊन गेले, मग पुन्हा आले, मग आईला घेऊन आले, मग मावशीला. शेवटी आमच्या सासऱ्यांनीच विचारलं, की मुलगी पसंत आहे की पोहे? तेव्हा कुठे हो म्हणाले.

तर या माणसाला ट्रॅक डेचं वेड लागलं. ग्रेटर नोएडाच्या रेसच्या ट्रॅकवर फी भरली की आपली साधी, ऑफिसला न्यायची गाडी घेऊन जाता येतं आणि पोलिसांची भीती न बाळगता हवी तशी पळवता येते. साडूंनी नाव नोंदवलं आणि लगेच चिंतेला लागले. तिथे पळायला जागा भरपूर, पण प्रत्येक वळणाआधी कचकचून ब्रेक मारावा लागतो, त्याने ब्रेक तापतात, आतलं ब्रेक ऑइल उकळतं, आणि मग पाय दाबावा तर पेडल लोण्यासारखं खाली जातं. हे मला समजावण्यासाठी त्यांनी ताईच्या गॅसवर दूध ठेवलं. समजावणं इतकं सविस्तर झालं की दूध उतू गेलं. "बघा, असं होतं," ते समाधानाने म्हणाले. ओटा ताईने पुसला.

मग सुरू झाली तयारी. उकळायला जड जाणारं ऑइल आलं. रबरी नळ्या जाऊन स्टीलच्या जाळीच्या नळ्या आल्या. मोठ्या डिस्क आल्या, त्या मोठ्या म्हणून चाकं मोठी आली. मग ब्रेकला वारा लागावा म्हणून पुढच्या बंपरपासून चाकापर्यंत पन्हळीदार पाइप बसवला. हा पाइप कुठून आला ते ताईला रविवारी कपडे धुताना कळलं, कारण वॉशिंग मशीनचं सगळं पाणी हॉलमध्ये आलं. कश्मीरी गेटजवळच्या ज्या सरदारजींच्या गॅरेजात हे चालायचं, ते आधी उत्साहात होते, मग नुसते दमले. एकदा त्यांनी मलाच बाजूला घेऊन विचारलं, "भाईसाहब, इनको गाड़ी चलानी भी है, या सिर्फ रोकनी है?"

प्रश्न रास्त होता. ट्रॅक डे यायचा आणि जायचा, साडू जायचे नाहीत. कधी नळीला घाम आल्यासारखा वाटायचा, कधी पेडल 'जरा मऊ' लागायचं. आम्ही लक्ष्मीबाई नगरात राहतो. बायकोच्या ओळखीची गावाकडची मुलं यूपीएससीच्या तयारीला आली की आमच्याकडे जेवायला येतात आणि 'यंदा नाही, पुढच्या अटेम्प्टला नक्की' म्हणतात. त्यांच्यात आणि साडूंमध्ये मला फरक दिसेनासा झाला. पोरांना निदान वयाची अट असते.

त्यातच पानिपत झालं. जानेवारीत, पानिपतच्या लढाईच्या स्मृतिदिनाला, इथली मराठी मंडळी तिथल्या काला अंब स्मारकाला जातात, आम्हीही दोन्ही कुटुंबं साडूंच्या गाडीतून निघालो. आदल्याच दिवशी त्यांनी खास ट्रॅकचे ब्रेक पॅड बसवले होते. हे पॅड मोठे मानी असतात. चांगले तापल्याशिवाय कामच करत नाहीत. इथे सकाळचं धुकं, हाडं गोठवणारी थंडी, आणि साडूंचा वेग बैलगाडीला लाजवणारा. पॅड तापणार कशाने? टोलनाक्यावर त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा गाडीने फक्त कर्कश किंकाळी फोडली आणि संथपणे, सगळ्यांच्या देखत, नाक्याचा प्लॅस्टिकचा खांब आडवा करून मग थांबली. एवढा खर्च करून ब्रेक आधीपेक्षा बिघडवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. काला अंबच्या स्मारकापुढे उभे राहून ते मला हळूच म्हणाले, की पुढे जायची तयारी सगळे करतात हो, थांबायची कोण करतो? ताईने ते ऐकलं. येताना ती बसने आली, आणि या गाडीत पुन्हा पाय ठेवणार नाही असं तिने जाहीर केलं.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण इकडे पेट्रोल गाडीला पंधरा वर्षं झाली की तिला रस्त्यावर जागा नाही, असा नियम. मोडीत काढा, नाहीतर बाहेरच्या राज्यात पाठवा. साडूंच्या गाडीची पंधरा वर्षं मार्चमध्ये भरत होती. नाशिकचं एक गिऱ्हाईक ठरलं. त्याआधी फेब्रुवारीत एकच ट्रॅक डे होता. आता पुढचा अटेम्प्ट नव्हता. साडू जेवेनासे झाले तेव्हा ताईने माझ्या बायकोला फोन केला आणि आम्ही सगळेच त्यांना ट्रॅकवर घेऊन गेलो, वरातीत नवरदेवाला नेतात तसे. ताई आमच्या गाडीतून आली, मांडीवर थालीपिठांचा डबा धरून.

साडू ट्रॅकवर उतरले. आयुष्यात असं दृश्य मी पाहिलेलं नाही. बाकीच्या गाड्या सणसणत जात होत्या आणि आमचे साडू भाजी आणायला निघाल्यासारखे. वळण दिसायच्या आधीच यांचे मागचे लाल दिवे लागायचे. थोड्या वेळाने आयोजकांनी त्यांना बाहेर बोलावून फार अदबीने सांगितलं, की सर, थोडा तेज चलाइए, नहीं तो पीछेवालों को दिक्कत होती है. साडू खाली उतरले. हेल्मेट काढलं. चेहरा पार उतरलेला. "पॅड गार आहेत," मला म्हणाले, "आज नकोच. जाऊ या घरी." मला फार वाईट वाटलं. एवढी वर्षं चेष्टा केली त्याचं नाही, पण हा माणूस आता खरंच घरी जाईल आणि गाडी न पळताच नाशिकला जाईल, याचं.

ताईने डबा माझ्या बायकोच्या हातात दिला. तिथल्या माणसाकडून हेल्मेट मागून घेतलं, अंबाडा सोडून ते डोक्यात कोंबलं, आणि सरळ पुढचं दार उघडून आत बसली. "तुम्ही पळवलीत तर ते तापतील ना? मग चला. मी बसलेय."

पहिली फेरी जेमतेम. दुसऱ्या फेरीत त्या गाडीच्या इंजिनाचा खरा आवाज मी प्रथमच ऐकला. लांब सरळ रस्त्यावरून ती पांढरी गाडी अशी काही आली की बायकोने माझा दंड धरला. वळण जवळ येत होतं, लाल दिवे लागत नव्हते. मग लागले. गाडी नाक खाली करून जमिनीला चिकटली, वळली आणि दिसेनाशी झाली. ते परत आले तेव्हा चाकांतून जळका वास येत होता. "थांबली," साडू एवढंच म्हणाले. हेल्मेटमधून ताई म्हणाली, "आधी पळाली, ते सांगा."

मार्चमध्ये ट्रक आला. साडूंनी आपल्या हातांनी साधे पॅड परत बसवले होते, नाशिकवाल्याला थंडीत त्रास नको म्हणून. फळ्यांवरून गाडी वर चढवायचं काम त्यांनी ट्रकवाल्याला करू दिलं नाही. स्वतः चढवली, ताई शेजारी. वर नेऊन उभी केली, इंजिन बंद केलं. पण उतरेनात. ट्रकवाल्याने दोनदा हाक मारली. मी फळीवरून वर गेलो, काच उघडीच होती.

"उतरा आता," ताई म्हणत होती.

"ब्रेकवरचा पाय काढवत नाही गं," साडू म्हणाले.

मग ताईनेच हात पुढे करून हँडब्रेक ओढला.