कुणी न धरलेला गडी

आमच्या संघाने हुतूतूची ढाल जिंकली त्या वर्षाचा विषय कुणी काढला की मला अजून किळस येते. लोकांना वाटतं, म्हातारा विनय दाखवतोय. विनय कसला डोंबलाचा! दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात शिरवळपासून आष्ट्यापर्यंत आम्ही एकही सामना हरलो नाही, हे खरं आहे. का हरलो नाही, ते कुणी विचारत नाही. ढाल पितळेची होती, चिंचेने घासली की झळकायची, आणि लोकांना तेवढं पुरतं.

आम्ही पगारी गडी होतो. सांगलीतल्या हळदीच्या एका बड्या व्यापाऱ्याने आम्हाला पदरी ठेवलं होतं. नावाला त्याच्या वखारीत कामाला, पण खरं काम मैदानावर. सकाळी नदीकाठी सराव व्हायचा. हळद साठवायची पेवं तिथेच जमिनीच्या पोटात होती. पेव उघडलं की आतली कोंदलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यावी लागते, नाहीतर उतरणारा माणूस गुदमरून आतच राहतो. तो उग्र वास नाकात घेऊनच आम्ही दम घुमवायचो. मी इस्लामपूरकडचा, उसाच्या घरातला, चांगला खाऊनपिऊन पोसलेला. डाव्या कोपऱ्याला उभा राहायचो. चढाई करून आलेल्याचा घोटा धरून त्याला आडवा करणं हे माझं काम, आणि त्यात मला बऱ्यापैकी नाव होतं.

चढाईला आमचा पहिला गडी जायचा. तो माणदेशातला, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. लढाईवर जाऊन आलेला, माझ्याहून वयाने मोठा. तरी तो मला ‘तुमी’ म्हणायचा आणि मी त्याला ‘तू’. तेव्हा ते कुणालाच खटकत नसे. अंगाने काटक, पण दम असा की समोरच्याच्या अंगणात दोन फेऱ्या मारून परत येताना सुद्धा त्याचं ‘हुतूतू’ पहिल्याइतकंच खणखणीत असायचं. सरावात त्याला धरायचं काम माझ्याकडे होतं. दहा वेळा घोटा हातात यायचा आणि नऊ वेळा निसटायचा. एखाद्या वेळी मी त्याला पाडलाच, तर तो मातीत पडल्या पडल्या हसायचा आणि म्हणायचा, आता बरं धरलं. सराव संपला की आम्ही वखारीच्या ओसरीवर एका रांगेत जेवायला बसायचो आणि त्याचं ताट पायरीखाली मांडलेलं असायचं. अंगाला अंग लावून दोन तास माती खाल्लेली माणसं आम्ही! पण भाकरीची वेळ झाली की आमची जात आम्हाला आठवायची.

शिरवळचा सामना पहिला. तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. तो आत शिरला तसे चौघे जण एकदम अंगावर आले. एकाने कंबर धरली, दोघांनी पाय. तो त्या सगळ्यांना फरफटत मधल्या रेघेपर्यंत घेऊन आला आणि रेघेला हात लावला. गुडघे सोलवटले होते, ओठ फुटला होता, आणि चेहरा असा की जणू घरचं लग्न आहे. आम्ही तो सामना जेमतेम जिंकलो. संध्याकाळी तिथल्याच एका बड्या शेतकऱ्याच्या अंगणात दोन्ही संघांना जेवण होतं. कोण कुठला, अशी चौकशी सुरू झाली आणि आमच्या कप्तानाने सांगून टाकलं. पंगतीत बसलेले ते चौघे ताटावरून उठले. विहिरीवर गेले आणि थंडीचं कुडकुडत डोक्यावरून पाणी घेऊन आले. आमच्या पहिल्या गड्याला गोठ्याच्या भिंतीशी बसवलं. तो खाली मान घालून जेवला.

आमचा मालक हे सगळं बघत होता. मला वाटलं, त्याला वाईट वाटत असेल. तो सुधारक म्हणून मिरवायचा, खादी वापरायचा, सभांना जायचा. पण वाईट वगैरे काही वाटत नव्हतं त्याला. हळदीचा भाव चढणार असं कळल्यावर त्याचे डोळे जसे बारीक व्हायचे, तसे ते त्या वेळी झाले होते.

पुढच्या सामन्याला, इस्लामपूरला, मालकाने पत्र्याचा कर्णा आणला. खेळ सुरू होण्याआधी कारकुनाला टेबलावर उभं केलं आणि त्याच्याकडून पुकारून घेतलं, की आमच्या संघात भेदाभेद नाही, आमचा पहिला गडी अमक्या समाजाचा आहे, त्याला आम्ही आमचा भाऊ मानतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग तो चढाईला गेला, आणि समोरचे सातच्या सात गडी मागे सरकले. सापाला बघून सरकावं तसे. तो एक पाऊल पुढे गेला की ते दोन पावलं मागे. मागे फक्कीने आखलेली रेघ. रेघेबाहेर पाय गेला की गडी बाद, हा नियम पोरासोरांनाही ठाऊक असतो. तरी दोघे रेघ ओलांडून गेले. त्यांना बाद होणं परवडलं, शिवणं परवडलं नाही. तो कुणालाही हात न लावता परत आला आणि पंचाने आमच्या नावावर दोन गडी लिहिले.

त्या दिवसापासून आम्ही कर्ण्यावर जिंकायला लागलो. आमचा कप्तान मिशीला पीळ देत म्हणायचा, लय झकास हत्यार गावलंय. गडी हसायचे. वर्तमानपत्रात मालकाची तारीफ आली, आष्ट्याला कुणा पुढाऱ्याने त्याच्या गळ्यात हार घातला आणि समतेवर लांबलचक भाषण केलं. भाषण चाललं होतं तेव्हा आमचा पहिला गडी मांडवाबाहेर लॉरीच्या चाकाला टेकून बसला होता, कारण मांडवात बसायची त्याची सोय नव्हती. ज्याच्यासाठी टाळ्या वाजत होत्या त्यालाच आत जागा नाही, हे त्या शेकडो माणसांत एकालाही दिसू नये? दिसत होतं सगळ्यांना. मला आजही त्या टाळ्या ऐकू आल्या की थुंकावंसं वाटतं.

आष्ट्याहून परतताना तो लॉरीत पोत्यांवर माझ्या शेजारी बसला होता. आपणहून फार बोलायचा नाही. त्या दिवशी बोलला. पलटणीत रोज संध्याकाळी हुतूतू चालायचा म्हणाला. तिथे कोण पंजाबी, कोण मद्रासी, सगळे अंगावर तुटून पडायचे, एकदा तर खांदा निखळला होता. हे सांगताना तो खांदा चोळत होता आणि खुशीत होता. मग म्हणाला, ‘‘हितं मी खेळतोच कुटं? नुसता फिरून येतोय. मला कुनी धरंल तवा खेळ म्हनायचा.’’

दुसऱ्या दिवशी तो मालकाकडे गेला. मी वखारीच्या दाराशी पोती शिवत होतो, सगळं ऐकलं. तो हात जोडून म्हणाला, ‘‘मालक, त्यो कर्णा नगं. मला गपचीप खेळू द्या.’’

मालक म्हणाला, अरे वेड्या, तुझ्याच समाजाचा मान वाढतोय त्यात.

‘‘मान कसला, मालक. मला कोन धरतच न्हाई.’’

‘‘मग बरंच आहे की,’’ मालक म्हणाला आणि हिशेबाच्या कामाला लागला.

इतकं सरळ सांगून टाकलं. निदान खोटं तरी बोलायचं!

शेवटचा सामना साताऱ्याला होता. ढाल एका टेबलावर लाल कापड अंथरून मांडलेली, मालक पुढच्या खुर्चीवर. सातारकरांचा संघ आमच्याहून चांगला होता. आम्हाला ते ठाऊक होतं आणि त्यांनाही. पण कर्णा वाजला, तेच पुकारलं गेलं, आणि आमच्या पहिल्या गड्याच्या पहिल्याच चढाईत त्यांचे तिघे रेघेबाहेर चालते झाले. मालकाने मांडीवर थाप मारली.

दुसऱ्या चढाईला तो गेला आणि थांबला. मधोमध उभा राहिला, दम चालू, हात पसरलेले. समोरचे रेघेला चिकटलेले होते. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर आणखी दोघे बाद झाले असते. त्याने पाऊल मागे घेतलं. त्यांना उभं राहायला जागा करून दिली आणि तसाच रिकामा परत आला. लोकांना काही कळेना. कुणी शिट्ट्या मारल्या. आमचा कप्तान त्याच्या अंगावर ओरडला, त्याने ऐकलंसुद्धा नाही.

पुढच्या चढाईला तो सरळ त्यांच्या उजव्या कोपऱ्यात गेला. तिथे जाड मानेचा एक गडी उभा होता, माझ्यासारखाच कोपऱ्यावरचा, घोटा धरणारा. त्याच्यासमोर याने डावा पाय पुढे टाकला आणि जमिनीवर रोवला. तोंडाने हुतूतू चालू, नजर त्या गड्याच्या नजरेत. धर, असं माणूस याहून स्पष्ट कसं सांगणार? त्या गड्याने आपल्या कप्तानाकडे पाहिलं. कप्तानाने मान हलवली, नको म्हणून. गडी क्षणभर तसाच राहिला आणि मग त्याने झेप घेतली.

काय पकड होती ती! मी जन्मभर घोटे धरले, मला कळतं. दोन्ही हातांनी घोटा धरून त्याने अंगाचं सगळं वजन मागे टाकलं. बाकीचे मदतीला यायला हवे होते, कुणी आलं नाही. सगळे हात मागे घेऊन बघत राहिले. दोघेच मातीत लोळत होते. आमचा गडी कोपरांवर सरकत, त्या धिप्पाड माणसाला ओढत मधल्या रेघेकडे येत होता. बोटं रेघेपासून वीतभर असताना त्याचा दम तुटला. पंचाने शिट्टी फुंकली. तो मातीत तोंड खुपसून पडला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. जवळ गेलो तर हसत होता.

सामना आम्हीच जिंकलो. सुरुवातीला ते तिघे आपल्या पायांनी चालते झाले होते ना, ती तूट सातारकरांना शेवटपर्यंत भरून काढता आली नाही. त्यांच्या कप्तानाने त्या जाड मानेच्या गड्याला हौदावर जाऊन अंघोळ करून ये म्हणून फर्मावलं. तो गेलाच नाही. तसाच मातीने माखलेला एका बाजूला बसून राहिला. हट्टाने, थकव्याने की आणखी कशाने, मला माहीत नाही. मालकाने ढाल छातीशी धरली आणि आमच्या पहिल्या गड्याला बोलावून सांगितलं, की तू मुद्दाम पाय दिलास, आता मिरवणुकीच्या लॉरीत चढायचं नाही आणि उद्यापासून वखारीतही यायचं नाही.

मी लॉरीत चढलो नाही. मोटार स्टँडवर गेलो तेव्हा तो माणदेशाकडच्या मोटारीची वाट बघत बोचक्यावर बसला होता. डावा घोटा टरारून सुजला होता आणि त्यावर बोटांचे वळ लालभडक उमटले होते. आमच्याजवळ हळदीला काय तोटा, माझ्या खिशात नेहमी पुडी असायची. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून गरम पाणी मागून आणलं, हळद कालवली आणि त्याच्या पायाशी खाली बसलो. त्याने पाय आखडून घेतला.

‘‘नगं,’’ तो म्हणाला. ‘‘लावलं तर उतरंल.’’

मी म्हटलं, उतरायलाच तर लावतोय.

‘‘ऱ्हाऊ द्या. घरी जाऊस्तवर टिकाया पायजे. बायकोला दावायचंय, मला धरलं म्हनून.’’

रस्त्यावरून आमची लॉरी गुलाल उधळत गेली. कारकून कर्ण्यावर अजून तेच पुकारत होता, आमच्या संघात भेदाभेद नाही. तो तिकडे बघतही नव्हता. धोतराचा सोगा वर धरून, वळांना कापड लागू नये अशा बेताने, तो मोटारीची वाट बघत बसला होता.