काकूंचा प्लास्टिकचा तांदूळ

आमच्या शेजारच्या काकूंइतकं ताटातल्या अन्नाला भिणारं माणूस अख्ख्या महागाव तालुक्यात दुसरं नसेल. टरबूज लाल निघालं तर त्याला इंजेक्शन दिलंय आणि फिकं निघालं तर द्यायला विसरलेत, असं त्यांचं मत. सफरचंद त्या आधी नखाने खरवडत, मग भांड्यांच्या साबणाने धूत, आणि एवढं करून पाहुण्यांना देत. मोबाइलवर आलेला प्रत्येक भयंकर व्हिडिओ दोनदा बघून त्या मला हाक मारत, कारण मी इंग्रजी शाळेत शिकलेली. एकदा बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर मी त्यांना वाचून दाखवत होते. माझा आवाज मुळातच लहान. काकूंचा चेहरा उतरला. "येवढं हळू काहून वाचून राह्यली व? असं काय लिहेल हाय त्यात?"

रेशनच्या तांदळात सरकारने लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले दाणे मिसळायला सुरुवात केली, तेव्हा तर काकूंच्या भीतीला कायमचं काम मिळालं. ते दाणे रंगाने जरा वेगळे दिसत आणि पाण्यात टाकले की काही वर तरंगत. काकूंनी निकाल देऊन टाकला, प्लास्टिक! रेशन दुकानावर 'हे प्लास्टिक नाही' असा फलक लागला, अंगणवाडीच्या ताई सांगून सांगून थकल्या, पण काकू रोज सकाळी सूप घेऊन एकेक दाणा निवडत आणि परसात खड्डा करून पुरत. एकदा मागच्या गल्लीतल्या कोंबडीने ते उकरून खाल्ले. ती कधी पडते ते बघायला काकू तिच्या मागे मागे फिरल्या. कोंबडी पडली नाही. तिने अंडं घातलं. काकूंनी तेही पुरलं.

मग एका सकाळी त्यांची सून पूनम नळावर चक्कर येऊन पडली. तिला सातवा महिना होता. डॉक्टरांनी रक्त फार कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या, आणि असंच राहिलं तर बाळंतपण जिवावर बेतेल, असं स्पष्ट सांगितलं. अंगणवाडीच्या ताई घरी आल्या, त्या मात्र चिडलेल्या होत्या. "काकू, तुम्ही जे पुरून राह्यल्या ना, ते पोरीचं रक्त हाय."

काकूंनी उठून सूप खुंटीला अडकवून टाकलं. ते बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. समोर न निवडलेल्या तांदळाचा भात, वरण, आणि अंगावर ठेवणीतली साडी. "आधी मी खाते. मले काही झालं त पूनमले देऊ नोको. नाही झालं त रोज देजो. तू फक्त बसून राह्य."

डोळे मिटून त्यांनी घास घेतला. मग मला जीभ दाखवली, नखं दाखवली.

"हात गार पडून राह्यले का व?"

"नाही काकू, गरम आहेत."

"नीट पाह्य. तू भिडस्त हाय, खरं सांगणार नाहीस."

तेवढ्यात पूनम दारात आली. "आई, साडी कायले नेसल्या? कुठं जाऊन राह्यल्या?"

"कुठंच नाही जात," काकू म्हणाल्या, पण त्यांना तशी खात्री वाटत नव्हती.

"मंग वाढा ना जी. मले भूक लागली."

काकूंनी वाढलं, आणि पूनमचा प्रत्येक घास गळ्याखाली उतरेपर्यंत तिच्याकडे बघत राहिल्या.

त्यानंतर मी नोकरीसाठी नागपूरला आले. परवा काकूंचा फोन आला, यवतमाळच्या दवाखान्यातून. "पोरगी झाली व. रडली." मग आवाज अगदी खाली गेला. "पूनम झोपेल हाय. डॉक्टर म्हणते बरी हाय. पण मी पाहूनच राह्यली, श्वास चालू हाय ना तिचा."

त्यानंतर फोनमध्ये नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. दोघींनीही फोन ठेवला नाही.