कौतिकआबांचा सकाळचा तास

सदुसष्टाव्या वर्षी पायाला चाकं लावून फिरणारा म्हातारा दिसला की भुसावळच्या लोकांच्या पोटात का दुखतं, देव जाणे. कौतिकआबा पाटील मूळचे नरडाण्याचे, रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर झालेले. शुगर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आबांना चालण्याचा भारी कंटाळा. तरुणपणी रेल्वे कॉलनीत शिकलेलं स्केटिंग त्यांनी पुन्हा सुरू केलं. शुगर आटोक्यात आली, आणि सिमेंटच्या रिंकवरचा सकाळचा तास त्यांना जेवणाइतका गरजेचा झाला.

नेमका तोच तास ललित सरांच्या पोरांच्या स्केटिंग क्लासलाही मिळाला. पोरं आतून, आबा कडेने, असं ठरलं. पण पोरांच्या आयांना ते खपेना. नूतन नावाची एक आई तर तोंडावरच म्हणाली, "या वयात पडलात तर निस्तरायचं कोणी?"

"मी पडसू ते मना मी उठसू," आबा गुरगुरले.

आणि पडलेच. नूतनचीच मुलगी रांग सोडून थेट त्यांच्यापुढे आली. तिला वाचवायचं तर कठड्यावर आदळण्यावाचून इलाज नव्हता. आबा आदळले, डावं मनगट मोडलं. ललित सरांना आयतं निमित्त मिळालं. "आबा, उद्यापासून सकाळी यायचं नाही."

आबांनी नूतनकडे पाहिलं. ती समोरच्या बाकावरून सगळं बघत होती, किंचाळलीही होती. "बाई, तुमी देखं ना?"

"माझं लक्ष मोबाइलमध्ये होतं," ती म्हणाली. धडधाकट पोरीचा हात धरून म्हणाली! निर्लज्जपणालाही काही हद्द असते.

पुढच्या सोमवारी आबा प्लास्टरसकट हजर. ललित सर आडवे आले.

"हात मोडना शे, पाय नही," म्हणत आबा त्यांना वळसा घालून सरळ नूतनच्या बाकाशी गेले. तिच्या शेजारी बसून त्यांनी स्केट पायांत सरकवले आणि एक पाय तिच्यापुढे धरला.

"एक हात कामना नही. नाडी बांध."

बाकीच्या आया वळून बघू लागल्या. नूतनचा चेहरा लालबुंद झाला. तिने मुलीकडे पाहिलं, ललित सरांकडे पाहिलं. मग खाली वाकली आणि नाडी ओढून गाठ मारली. ललित सर वाटेतून बाजूला झाले.

आबांनी पाय खाली ठेवला, दुसरा पुढे केला.

"हाई बी."