‘आ’ की ‘ऐ’?

मोसिए बोलायचे थांबले आणि शेट्टी सर माझ्याकडे वळले. मागे कॉम्प्रेसर धडधडत होता.

“काय म्हणतोय?”

मी इंग्लिशमध्ये सांगितलं, “ते म्हणतात, तुमचा इन्स्पेक्टर खोटं बोलला, असं मी म्हणत नाही.”

“म्हणजे बोलला. पाहुणा सभ्य आहे म्हणून तोंडानं म्हणत नाही. असंच ना?”



ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेंगलोरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या फॅक्टरीत मशीनचे शाफ्ट, म्हणजे फिरणारे पोलादी दांडे, बनायचे. फ्रान्सची एक कंपनी पहिल्यांदाच आमचा माल घेत होती आणि तिचे इंजिनिअर माल तपासायला आले होते. त्यांना आम्ही मोसिए, म्हणजे फ्रेंचमधलं ‘साहेब’, म्हणायचो. मी दुभाषी. मी मूळची निपाणीची. वडील तंबाखूच्या वखारीत कामाला, घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. बेंगलोरला येऊन संध्याकाळच्या क्लासात फ्रेंच शिकले. अनुभव नसताना शेट्टी सरांनी नोकरी दिली. त्यामुळे त्यांना ‘सर, तसं नाही’ म्हणायला माझी जीभ रेटत नसे.

मोसिएंनी आमच्या एसी रूममध्ये शाफ्ट मोजले, तेव्हा त्यांची जाडी आमच्या रेकॉर्डपेक्षा कमी भरली. फरक मायक्रॉनमध्ये होता. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण या कामात तेवढ्यानं माल परत जातो. रेकॉर्डवर सही होती मंजुनाथ अण्णांची. ते क्वालिटी इन्स्पेक्टर. सरांचा समज झाला, की त्यांनी न मोजताच आकडे भरले.

“पाहुण्याला एकदा हो म्हणू दे,” सर त्यांना सगळ्यांसमोर म्हणाले होते, “मग तू उद्यापासून घरी.”

आणि आता पाहुण्याचं ते एक वाक्य माझ्या कानात अर्धवट अडकलं होतं.

अडचण व्याकरणाची होती. फ्रेंचमध्ये ‘तो खोटं बोलला’ हे ‘इल आ माँती’. पण बोलणाऱ्याला ती गोष्ट खरी म्हणून सांगायची नसेल, तर ‘आ’चा ‘ऐ’ होतो: ‘इल ऐ माँती’. या रूपाला सबजाँक्तिफ पासे म्हणतात. आपल्याकडे ‘बोलला’ आणि ‘बोलला असेल’ यांत जे अंतर आहे, साधारण तसंच. ‘असं मी म्हणत नाही’च्या पुढे ‘आ’ आला तर त्यात टोमणा असू शकतो: बोलला आहेच, पण मी कशाला म्हणू. ‘ऐ’ आला तर बोलला की नाही, हे उघडं राहतं. ‘आ’ होता की ‘ऐ’, ते कॉम्प्रेसरनं खाल्लं.

जेवणाच्या सुट्टीत माझ्यानं बसवेना. डबा उघडला, परत लावला. कँटीनच्या दारात मंजुनाथ अण्णा भेटले. ते माझ्याशी कन्नडच बोलत.

“अक्का, तो काय म्हणाला? मला स्वल्प सांगा तरी.”

“नीट ऐकू आलं नाही, अण्णा.”

“तुम्हालाच नाही आलं, तर मग माझं झालंच.” ते हसले, पण हात धुवायचे तसेच विसरून परत शॉपमध्ये, मशीनच्या शेडमध्ये, गेले.

मी मोसिएंच्या टेबलाशी गेले. सर तिथेच बसले होते. मी फ्रेंचमध्ये विचारलं, “मोसिए, मघाशी आपण ‘आ माँती’ म्हणालात की ‘ऐ माँती’?”

त्यांनी चमचा खाली ठेवला. “मादमुआझेल, शाळा सुटल्यापासून माझं व्याकरण कुणी तपासलं नव्हतं.”

“मी आपलं तपासत नाही. माझं ऐकणं तपासते.”

“ऐ. अर्थात ऐ. खोटारडा वाटला असता तर मी त्याच्या तोंडावर म्हणालो असतो.”

“हिनं आता काय काढलं?” सरांनी मला सोडून मोसिएंकडे बघत विचारलं.

मी म्हणाले, “सर, तसं नाही. ते मंजुनाथना खोटं ठरवतच नाहीत. मघाशी माझं भाषांतर अपुरं होतं.”

“मग आकडे जुळत का नाहीत?”

मी प्रश्न फ्रेंचमध्ये केला. मोसिए म्हणाले, “मला कसं माहीत असणार? त्यानं ते मोजले कधी, हे त्याला विचारा.”

मंजुनाथ अण्णांना बोलावलं. सरांनी कन्नडमध्ये विचारलं. अण्णा म्हणाले, “मशीनवरून उतरले की लगेच, गरम असतानाच. गार व्हायला ठेवले की तुमचा फोन यायचा, सर. गाडी उभी आहे, सोड म्हणून.”

गरम लोखंड फुगतं. गार झालं की आक्रसतं. संध्याकाळी मशीनवरून उतरलेला एक शाफ्ट गरम असताना आणि गार झाल्यावर असा दोनदा मोजला. फरक साधारण तेवढाच निघाला.

बराचसा माल बाद झाला, तो काही वाचला नाही. मंजुनाथ अण्णा मात्र राहिले. सर त्यांना एवढंच म्हणाले, “सरी, ठीक आहे, जा कामाला.”

तो ‘ऐ’ ओळखायला मला काही वर्षं क्लासला जावं लागलं, आणि त्या दिवशी ते शिक्षण कामी आलं याचं मला समाधान आहे. पण ‘कधी मोजलेस?’ हे विचारायला फ्रेंच लागत नव्हतं. त्या शॉपमध्ये पाहुणा सोडून सगळ्यांना कन्नड येत होतं.